दर उन्हाळ्यात मुलाचे डोळे लाल होतात, थेंब थांबवला की पुन्हा खाज सुटते: एका आईला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा मुलगा पाच वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षापासून त्याच्या डोळ्यांना खाज येते, डोळे लाल होतात, सकाळी उजेडात उघडत नाहीत, कोपऱ्यातून चिकट तारा निघतात. मेडिकलवाल्याने दिलेल्या थेंबाने दोन दिवसांत आराम पडतो आणि थेंब बंद केला की आठवड्याभरात पुन्हा तेच सुरू होतं. आता नेत्रतज्ज्ञांनी व्हीकेसीचं निदान केलंय, म्हणजे डोळ्यांची दीर्घकाळ चालणारी ॲलर्जी, आणि ‘हे काही वर्षं चालणार’ असं सांगितलंय. तुम्ही विचारता की हे कधी बरं होईल, नजर जाईल का, उन्हात खेळू द्यायचं की नाही, थेंब घालताना होणारी रोजची रडारड कशी थांबवायची, आणि शाळा ‘डोळे आलेत’ म्हणून घरी पाठवते तिचं काय करायचं. शिवाय गरोदरपणात माझं काही चुकलं का, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. त्याचं उत्तर आधी देते: नाही. तुम्ही काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, काजळ घातलं की नाही घातलं, याचा या आजाराशी काहीही संबंध नाही. घरात कुणाला दमा, सर्दीची ॲलर्जी किंवा त्वचेचा इसब असेल तर अशा मुलांत हा आजार जास्त दिसतो. मुलींपेक्षा मुलांना जास्त होतो आणि आपल्यासारख्या उष्ण, कोरड्या, धुळीच्या भागात जास्त होतो. मी खानदेशात लहान मुलांच्या डोळ्यांवर उपचार करते. मार्च उजाडला की माझ्या ओपीडीच्या बाकावर तुमच्या मुलासारखी मुलं डोळे मिटून, मान खाली घालून बसलेली असतात.

आता मुख्य गोष्ट. हा आजार बहुतेक मुलांत वयात येता येता शांत होतो. आज ‘मुळापासून बरा करतो’ असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर पैसे घालवू नका, पण हा जन्मभराचा भोग आहे असंही समजू नका. मधली आठ-दहा वर्षं डोळा शाबूत ठेवायची, एवढंच तुमचं आणि आमचं काम आहे. ज्यांची नजर कायमची अधू झाली अशी या आजाराची मुलं मी पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं नुकसान दोन गोष्टींनी झालं होतं: तपासणीशिवाय महिनोन्‌महिने घातलेले स्टेरॉइडचे थेंब, आणि वर्षानुवर्षं डोळे चोळणं. दोन्ही टाळता येतात, म्हणून या दोन्हींबद्दल जरा सविस्तर लिहिते.

दोन दिवसांत आराम देणारी ती बाटली बाहेर काढा आणि तिच्यावरचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. कंपनीने दिलेलं मोठं नाव सोडून द्या, खालचं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यांतलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. पुष्कळदा ते एखाद्या अँटिबायोटिकबरोबर मिसळलेलं असतं, त्यामुळे ‘हे तर इन्फेक्शनचं औषध आहे’ असा घरच्यांचा समज होतो. लेबलवर लाल उभी रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय विकायचं औषध नव्हे, तरी ते सर्रास विकलं जातं.

स्टेरॉइड वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. आजार भडकलेला असताना मीही देते, आणि अशा वेळी ते न देणं मुलावर अन्याय ठरतो. ते किती दिवस द्यायचं, कसं उतरवत न्यायचं आणि त्या काळात डोळ्याचा दाब कधी मोजायचा, हे ठरलेलं असावं लागतं. कारण काही मुलांत या थेंबांनी डोळ्याच्या आतला दाब वाढतो. मोठ्यांपेक्षा लहान मुलांत तो लवकर आणि जास्त वाढू शकतो, कधी काही आठवड्यांतच. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, उलट खाज थांबल्यामुळे सगळं छान चाललंय असं वाटतं. आत मात्र डोळ्याची नस दबत असते. आधी कडेची नजर जाते, समोरचं दिसत राहतं, म्हणून पाच वर्षांचं मूल काही सांगत नाही. नसेचं झालेलं नुकसान भरून येत नाही. हे काचबिंदूच आहे, फक्त औषधाने आणलेलं. फार दिवस स्टेरॉइड चाललं तर मोतीबिंदूही होतो, आणि लहान वयातला मोतीबिंदू म्हणजे ऑपरेशन, भिंग आणि पुढची अनेक वर्षांची तपासणी.

तुमच्या मुलाच्या डोळ्यात असे थेंब दोन वर्षं अधूनमधून गेले असतील, तर या आठवड्यातच दाब मोजून घ्या आणि नस तपासून घ्या. डॉक्टरांना बाटली दाखवा, नाव लपवू नका, ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून तर मुळीच नाही. मोठी सोय नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात दाब मोजतात. पुष्कळ ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, तिथून सुरुवात करता येते. हवेची फुंकर मारणारं यंत्र किंवा डोळ्याला भूल न देता नुसतं टोक टेकवून मोजणारं छोटं यंत्र असेल तर या वयाची मुलं सहसा करू देतात. साधारण १० ते २१ हा आकडा सामान्य धरतात. प्रत्येक भेटीत ‘आज दोन्ही डोळ्यांचा दाब किती आला?’ असं विचारा आणि आकडा तारखेसह स्वतःच्या वहीत लिहा. त्याच वहीत कोणता थेंब कधी सुरू केला, कधी बंद झाला, हेही लिहा. डॉक्टर बदलतात, फाइल हरवते, वही तुमच्यापाशी राहते.

मग स्टेरॉइड नाही तर काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. औषधांचे साधारण तीन प्रकार असतात. पहिला म्हणजे रोजचे ॲलर्जीचे थेंब: ओलोपॅटाडिन, केटोटिफेन, सोडियम क्रोमोग्लायकेट अशा जातीचे. यांचा पूर्ण परिणाम दिसायला वेळ लागतो, क्रोमोग्लायकेटला तर दोन आठवडे लागू शकतात. पालक चार दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडून देतात आणि पुन्हा जुन्या बाटलीकडे वळतात. दुसरा म्हणजे डोळा ओला ठेवणारे थेंब, ते ॲलर्जीचे कण धुऊन काढतात. तिसरा प्रकार, तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलं सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस. ही औषधं आतली सूज आवरतात आणि डोळ्याचा दाब वाढवत नाहीत, म्हणूनच ज्या मुलांना सारखं स्टेरॉइड लागतं त्यांच्यासाठी ती फार मोलाची आहेत. अडचण अशी की सुरुवातीला ती झोंबतात आणि पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. ते आठवडे धीर धरा. कुणी ‘हे तर किडनी बदललेल्या रुग्णांचं औषध’ म्हणून घाबरवलं असेल, तर औषध तेच आहे पण इथे ते डोळ्यापुरतं, अगदी थोड्या प्रमाणात वापरतात. किती आणि किती वेळा, हे मात्र तुमच्या डॉक्टरांचंच ऐका. मी इथे बसून मात्रा सांगणार नाही.

आता चोळण्याबद्दल. खाज आली की मूल बोटांच्या पेरांनी, पूर्ण ताकदीनिशी डोळा चोळतं. चोळल्याने डोळ्यातल्या पेशी फुटून खाज आणणारा पदार्थ आणखी बाहेर पडतो, म्हणजे क्षणभर बरं वाटून खाज दुप्पट होते. त्याहून वाईट म्हणजे वर्षानुवर्षं चोळण्याने बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूच्या आकारात पुढे येऊ शकतो. याला केरॅटोकोनस म्हणतात. सुरुवातीला फक्त चष्म्याचा सिलिंडरचा नंबर भराभर वाढतो आणि घरात सगळे मोबाइलला दोष देत बसतात. मुलाचा सिलिंडर नंबर दर तपासणीला बदलत असेल तर कॉर्नियाचा नकाशा काढायला सांगा, टोपोग्राफी म्हणतात त्याला. वेळेत सापडलं तर सीथ्रीआर नावाच्या उपचाराने ते तिथेच थांबवता येतं, पण खाज आणि चोळणं आटोक्यात असेल तरच.

‘चोळू नको’ हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा बोलून काही होत नाही. मुलाचं त्यात काही चालत नाही, ती खाज मोठ्या माणसालाही सोसवत नाही. त्याच्या हाताला दुसरं काम द्या. फ्रिजमध्ये स्वच्छ ओला रुमाल डब्यात घालून ठेवा. खाज आली की त्याने स्वतः जाऊन तो काढायचा, डोळे मिटून वर ठेवायचा आणि वीसपर्यंत आकडे म्हणायचे. पाच वर्षांच्या मुलाला हे जमतं आणि आपल्या हातात काहीतरी आहे असं त्याला वाटतं, हेही कमी नाही. डोळा ओला ठेवणारी बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर थंडाव्याने खाज लगेच उतरते (बाटलीवर फ्रिजमध्ये ठेवू नका असं लिहिलेलं नाही ना, एवढं पाहा). मुलं केव्हा चोळतात हेही पाहा: झोपेतून उठल्यावर, बाहेरून आल्यावर, टीव्हीसमोर. त्या वेळांच्या आधीच थंड रुमाल हातात द्या. आणि चोळण्याचं प्रमाण अचानक वाढलं तर रागावण्याआधी समजा की औषध पुरत नाहीये.

थेंब घालायची लढाई रोज लढू नका. त्याला उशी न घेता पाठीवर झोपवा आणि डोळे मिटायला सांगा. हो, मिटायलाच. नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यातल्या खळग्यात एक थेंब सोडा आणि मग ‘आता उघड’ म्हणा. तो पापण्या उघडताच थेंब आपोआप आत जातो. वरून येणारी बाटली बघायची नसल्यामुळे निम्मी भीती तिथेच संपते. मग नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलक्या बोटाने दाबा, म्हणजे औषध घशात उतरत नाही आणि कडू लागत नाही. दोन औषधांमध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, मलम असेल तर सगळ्यात शेवटी. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा आणि महिन्याभरात, किंवा लेबलवर दिलेल्या मुदतीत, ती संपवा किंवा टाका.

झोंबणारं औषध असेल तर ‘काही होत नाही रे’ म्हणू नका. त्याला झोंबतं, मग तो तुमच्या शब्दावरचा विश्वास सोडतो आणि पुढचा थेंब आणखी अवघड होतो. ‘झोंबेल, दहा मोजेपर्यंत, मग थांबेल’ असं सांगा आणि मोठ्याने दहा मोजा. त्याआधी फ्रिजमधला गार थेंब घातला तर झोंबणं कमी होतं. आज आई, उद्या बाबा, आजीकडे गेला की आजी, असं सगळ्यांना हे यायला हवं. एकट्या आईनेच थेंब घालायचे ठरले की मूल आईपासूनच पळायला लागतं. तुम्ही लिहिलंय ना, ‘मला पाहिलं की तो पलंगाखाली जातो’, ते त्यामुळेच. त्याच्या बाबांना आज रात्रीपासून यात घ्या.

खेळू द्या. घरात कोंडू नका. पाच वर्षांच्या मुलाला मोकळ्या हवेत खेळणं शरीरासाठी लागतं तसं डोळ्यांसाठीही लागतं. घरात बसून सारखं जवळचं पाहणाऱ्या मुलांत चष्म्याचा मायनस नंबर जास्त दिसतो. फक्त वेळ सांभाळा: सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. पुढे झापड असलेली टोपी आणि कडेने झाकणारा गॉगल घालू द्या. गॉगलचा रंग त्यालाच निवडू द्या. उजेड सोसत नाही म्हणून मान खाली घालून बसणाऱ्या मुलाला ‘लाजाळू’, ‘हट्टी’ म्हणतात आणि ते त्याला चिकटतं. गॉगल लावला की तोच मुलगा मान वर करून पळतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आपल्याकडची एक सवय मात्र मोडा: मोटारसायकलवर मुलाला पुढे टाकीवर बसवणं. समोरून येणारा सगळा वारा आणि धूळ त्याच्या डोळ्यांत जाते. मध्ये बसवा आणि गॉगल घाला. कूलरचा झोत थेट तोंडावर नको, ताटीतली धूळ हंगामाच्या आधी साफ करा. गहू-हरभऱ्याची मळणी चालू असताना खळ्यावर नेऊ नका. बाहेरून आला की तोंड धुवायला लावा, उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. दिवाळीच्या धुराचं आणि होळीच्या कोरड्या रंगाचं वेगळं सांगायला नको. उन्हाळा लागल्यावर थेंब सुरू करण्यापेक्षा होळीच्या दोन-तीन आठवडे आधीच डॉक्टरांना भेटून रोजचे थेंब सुरू करा. ऑक्टोबरच्या उन्हात पुष्कळ मुलांना पुन्हा त्रास होतो, आणि काहींना बारा महिने असतो. तुमच्या मुलाचं कोणतं, हे तुमची वही वर्षभरात सांगेल.

घरगुती उपायांवर थोडक्यात. मध, गुलाबपाणी, तुरटीचं पाणी, आईचं दूध, एरंडेल, काजळ यातलं काहीही डोळ्यात घालू नका. जंतुसंसर्ग झाला तर अशा सुजलेल्या डोळ्यात तो फार वेगाने पसरतो. सासूबाईंचं मन मोडायचं नसेल तर थंड घड्यांचं काम त्यांच्याकडे द्या, ते खरंच उपयोगाचं आहे. दही, केळी, अंडी बंद करून हा आजार थांबत नाही. वाढत्या मुलाचं खाणं तोडू नका. त्वचेवर टोचून करायच्या ॲलर्जीच्या महागड्या तपासण्यांतून या आजारात बहुधा फारसं हाती लागत नाही. पुष्कळ मुलांत त्या कोऱ्याच येतात. तुमच्या डॉक्टरांनी काही खास कारणाने सांगितली असेल तर ती गोष्ट वेगळी.

एका गोष्टीला मात्र थांबायचं नाही. वरच्या पापणीच्या आत या आजारात फरसबंदीसारखे उंचवटे येतात आणि ते कॉर्नियावर घासून जखम करू शकतात. मूल एकाएकी डोळा उघडेनासं झालं, खाजेऐवजी ‘दुखतंय’ म्हणू लागलं, एकसारखं पाणी वाहू लागलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा, रविवार असला तरी. घरात पडून असलेला कोणताही थेंब त्याआधी घालू नका. आणि एरवी काही त्रास नसला तरी दर सहा महिन्यांनी नजर आणि नंबर तपासून घ्या. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाची दृष्टी घडत असते, त्या वयात एक डोळा बराच काळ अंधूक राहिला तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि डोळा आळशी होतो. चष्मा लागला तर तो नुसता जवळ ठेवून चालणार नाही, दिवसभर लावायचा.

शाळेचा प्रश्न खरा आहे. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, तेव्हापासून शिक्षक लाल डोळा दिसला की धास्तावतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. साथीत डोळे येतात ते काही दिवसांत, घरातल्या दोघा-तिघांना, चिपडं येऊन. तुमच्या मुलाचा आजार कुणाला लागत नाही. धाकट्या बहिणीलाही त्याच्यापासून होणार नाही, तेव्हा तिला वेगळं झोपवू नका. मात्र त्यालाही खरीखुरी साथ लागू शकते, म्हणून नेहमीपेक्षा वेगळी चिपडं आणि सूज दिसली तर दाखवून घ्या. डॉक्टरांकडून सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र घ्या आणि त्याला जोडून स्वतःचं पत्र द्या. मी पालकांना साधारण असं लिहायला सांगते:

‘माझ्या मुलाला डोळ्यांची दीर्घकाळ चालणारी ॲलर्जी आहे. ती संसर्गजन्य नाही. उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरमध्ये त्याचे डोळे लाल दिसतील, तरी तो वर्गात बसू शकतो. त्याला खिडकीच्या उजेडापासून आणि फळ्याच्या खडूच्या धुळीपासून थोडं दूर, पण फळा दिसेल असं बसवावं. मैदानावर टोपी आणि गॉगल घालू द्यावा. खाज आल्यास त्याला डब्यातला ओला रुमाल वापरू द्यावा, रागावू नये. त्याने डोळा दुखतो असं सांगितलं किंवा डोळा उघडला नाही, तर मला लगेच फोन करावा.’

हे पत्र जूनमध्ये शाळा उघडेल त्या आठवड्यात वर्गशिक्षकांना समक्ष भेटून द्या, मुलाला सोबत नेऊन. वर्ग बदलला की नवीन बाईंना पुन्हा द्या. खेळाच्या शिक्षकांना एक वेगळी प्रत द्या, कारण उन्हात उभं करणारे तेच असतात.